सभागृह आणि आयुक्त

महापालिकेची सभा प्रथमच पाहणाऱ्या नागरिकाचा बहुधा विरस होतो. आपण निवडून दिलेले सदस्य तावातावाने बोलतात, उपसूचना मांडतात, हरकतीचे मुद्दे काढतात. आणि रस्ते, पाणी व गटारे यांची प्रत्यक्ष व्यवस्था ज्याच्या हाती आहे, तो आयुक्त शांतपणे ऐकत बसलेला असतो. त्याला चर्चेत भाग घेता येतो. ठराव मात्र मांडता येत नाही, मतही देता येत नाही. ही रचना विचित्र वाटते खरी. परंतु ती मुंबईच्या करदात्यांनी सोसलेल्या एका अनुभवातून निघालेली आहे.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदवीच्या गृहस्थांच्या मंडळाकडे आला आणि कार्यकारी सत्ता आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताकडे गेली. क्रॉफर्ड हे कर्तबगार पुरुष. त्यांच्या नावाची मंडई आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. पण त्यांचा हात सढळ होता, आणि त्याच वर्षी शेअरबाजार कोसळून शहराची कंबर मोडली होती. जस्टिसांची संख्या मोठी होती. ते सरकारनियुक्त असल्यामुळे करदात्यांना जबाबदार नव्हते. अशा मंडळाने खर्चाला लगाम घालावा तरी कसा? १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला.

आयुक्ताचे अधिकार काढून ते एखाद्या समितीला द्यावेत, हा त्या वेळचा लोकप्रिय उपाय. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी त्याला विरोध केला. कारभार अनेकांनी मिळून हाकला, तर चुकीचा जाब कोणाला विचारावयाचा, हेच कळेनासे होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावी, मात्र त्याच्यावर नियंत्रण लोकांनी निवडलेल्या सभेचे असावे. खरा दोष आयुक्तपदात नसून सभा निवडलेली नाही यात आहे, हे त्यांनी अचूक हेरले. माझ्या मते ऐन प्रक्षोभाच्या काळात असा विवेक दाखविणे हे पुढच्या त्यांच्या अनेक गाजलेल्या भाषणांहून मोठे कार्य होय.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची सभा आली आणि त्यांतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पुढे १८८८ चा कायदा घडला. त्या वेळी विधिमंडळात मेहतांच्या जोडीला काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. शहराचा कारभार महापालिकेकडे आणि अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे, ही विभागणी या कायद्यात स्पष्ट झाली.

सभेचे नियम या दृष्टीने वाचावेत. एकूण सदस्यांपैकी एक-चतुर्थांश उपस्थित असल्याशिवाय कामकाज चालत नाही. मते समसमान पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत असते. सभा जनतेला खुली असते. दारे बंद करावयाची तर उपस्थितांचे बहुमत लागते. इतिवृत्त नोंदवून त्यावर सही होते, आणि ते पाहण्याचा अधिकार सामान्य माणसालाही आहे. पण खरी किल्ली अंदाजपत्रकात. आयुक्ताने जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावयाचा, समितीने तो तपासावयाचा आणि अखेर सभागृहाने मंजूर करावयाचा. एवढ्यावर भागले नाही, तर एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश मतांनी आयुक्ताला पदावरून दूर करविण्याचे अस्त्रही कायद्याने दिले. ७२ सदस्यांच्या त्या काळच्या सभेत त्यासाठी ४५ मते लागत. वर्तमानपत्रांत मात्र गोंधळाचीच वार्ता मोठ्या अक्षरांत छापून येते, ही गोष्ट निराळी!

हीच घडण १९४९ च्या प्रांतिक कायद्याने मुंबईबाहेर गेली, आणि १९५० मध्ये पुण्याची महापालिका तिच्यावरच उभी राहिली.

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली; पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक तयार होत होते, मंजूरही होत होते; फक्त ते ज्याने मांडावयाचे आणि ज्याने मंजूर करावयाचे, ते पद एकच होते.