जुन्या सस्पेन्शनचा पुनर्वापर आणि घरगुती बग्गीची जडणघडण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

यंत्रांचा इतिहास बहुधा नव्या शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. एखादे वाहन प्रथम कोणी व केव्हा बनविले याची नोंद होते. परंतु ते वाहन मोडीत निघाल्यावर त्याच्या भागांचे पुढे काय झाले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः वाळूत व खडकाळ प्रदेशात चालणाऱ्या 'बग्गी' या वाहनप्रकाराचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नातूनच सुरू होतो. अमेरिकेतील हौशी कारागीर जुन्या गॉल्फ कार्टचे स्प्रिंग, ॲक्सल व स्टिअरिंग काढून घरच्या घरी बग्गी बनवितात. या प्रथेमागे साठ वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. पुनर्वापर म्हणजे केवळ काटकसर नव्हे. जुन्या भागात मूळ रचनाकाराने काय गृहीत धरले होते हे ओळखणे आणि नव्या परिस्थितीत ते तपासून पाहणे ही स्वतंत्र निर्मिती आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीटलचा वारसा :

या परंपरेचा आरंभ फोक्सवॅगन बीटल या मोटारीपासून होतो. फर्डिनांड पोर्शे यांच्या स्टुटगार्ट येथील कार्यालयाने १९३१ मध्ये टॉर्शन बार सस्पेन्शनचे पेटंट घेतले. पोलादी दांडीचे एक टोक पक्के बसवावे व दुसऱ्या टोकाला चाकाचा दांडा जोडावा. चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळ सुटताना चाक पूर्ववत खाली येते, असे हे साधे तत्त्व होय. बीटलच्या पुढील बाजूस एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या असून त्यांत पोलादी पट्ट्यांचे जुडगे असते. हा संपूर्ण पुढचा भाग चार बोल्टांनी सांगाड्याला जोडलेला असतो. मागे दोन्ही बाजूंस स्वतंत्र टॉर्शन बार असतात. इंजिनही मागेच असल्याने वाहनाचा बराचसा भार चालक चाकांवर पडतो व वाळूत चाकांची पकड टिकते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरली. बीटलचा वरचा साटा तळपत्र्यावर बोल्टांनी बसविलेला असे. तो उचलून बाजूला ठेवला तरी इंजिन, गिअरबॉक्स व सस्पेन्शनसह चालू शकणारे वाहन शिल्लक राही. त्यामुळे अपघातात साटा चेपलेली बीटल हौशी कारागिरांच्या दृष्टीने निरुपयोगी नव्हती.

मायर्स मॅन्क्सचा उदय :

ब्रूस मायर्स (१९२६–२०२१) हे कॅलिफोर्नियातील कलावंत व नौका बांधणारे कारागीर होते. फायबरग्लासच्या होड्या बनविण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता. १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीच येथील आपल्या गॅरेजमध्ये त्यांनी फायबरग्लासची एकसंध काया तयार केली आणि तिला बीटलचे इंजिन व पुढचे सस्पेन्शन जोडले. मागील सस्पेन्शनसाठी शेवरले पिकअप ट्रकचे दांडे वापरले. 'ओल्ड रेड' या नावाने ओळखली जाणारी ही पहिली 'मायर्स मॅन्क्स' बग्गी होय. मात्र ही पद्धत खर्चिक ठरल्याने अशा केवळ १२ गाड्या तयार झाल्या. पुढील रचनेत मायर्स यांनी बीटलचा तळपत्राच घेतला, तो १४.२५ इंचांनी (सुमारे ३६ सेंमी) आखूड केला आणि त्यावर नवा साटा बसविला.

या रचनेची कसोटी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पावर लागली. एप्रिल १९६७ मध्ये मायर्स व टेड मँगल्स यांनी ओल्ड रेडमधून ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत पार केले. मोटारसायकलने १९६२ मध्ये याच मार्गावर उलट दिशेने नोंदविलेल्या वेळेपेक्षा ही वेळ पाच तासांहून अधिक कमी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेल्या पहिल्या 'मेक्सिकन १०००' शर्यतीतही व्हिक वि‍ल्सन व टेड मँगल्स यांची मॅन्क्स २७ तास ३८ मिनिटांत प्रथम आली.

जुन्या भागातील गृहीतके :

हे यश केवळ भाग जोडल्याने मिळाले, असे समजणे चुकीचे ठरेल. बीटलचे टॉर्शन बार पोलादी साट्याचा व प्रवाशांचा भार गृहीत धरून बनविलेले होते. हलका साटा येताच बग्गीची मागील बाजू उंच उचलली जाते. जुन्या बीटलच्या मागील अर्धॲक्सलचा सांधा फक्त गिअरबॉक्सजवळ असल्याने अशा वेळी चाकांचे तळ आत झुकतात. वेगाने वळताना बाहेरचे चाक आणखी आत ओढले जाऊन वाहन उलटण्याचा धोका संभवतो. म्हणजे जो भाग मूळ मोटारीत निर्धोक होता, तोच नव्या वाहनात घातक ठरू शकतो.

यावरील उपायही त्याच भागात दडलेला होता. बीटलच्या मागील टॉर्शन बारच्या आतील टोकाला ४० व बाहेरील टोकाला ४४ खाचा असतात. आतील एक खाच फिरविल्यास ९ अंशांचा, तर बाहेरील एक खाच फिरविल्यास सुमारे ८.१८ अंशांचा फरक पडतो. दोन्ही टोके परस्परविरुद्ध दिशांनी एकेक खाच फिरविली, तर फरक एका अंशाहूनही कमी, सुमारे ०.८२ अंश राहतो. कारखान्याने बारीक जुळणीसाठी केलेली ही सोय गॅरेजमधील कारागिरांनी बग्गीची उंची कमी करण्यासाठी वापरली. यंत्राचे असे वाचन हेच पुनर्वापराचे खरे कौशल्य होय.

निर्मितीचा हक्क :

मॅन्क्स लोकप्रिय होताच तिच्या नकला निघू लागल्या. मायर्स पेटंटभंगाची तक्रार घेऊन न्यायालयात गेले; परंतु ही रचना पेटंटयोग्य नसल्याचा निर्णय झाला. त्यानंतर नकलांना धरबंद राहिला नाही. सुमारे ६,००० संच विकणारी मायर्स यांची कंपनी १९७१ मध्ये बंद पडली. उपलब्ध भागांच्या निवडीत व जुळणीत असलेली प्रतिभा कायद्याच्या व्याख्येत सामावली नाही. पुढे २०१४ मध्ये मात्र 'ओल्ड रेड'चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दुसरे वाहन म्हणून करण्यात आला. न्यायालयाने नाकारलेले श्रेय इतिहासाने दिले, पण ते अर्धशतकाने.

गॉल्फ कार्ट – परंपरेचा पुढील टप्पा :

बीटलचे उत्पादन २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. जुन्या बीटलना संग्राह्य वस्तूचे मोल आले. लहान बग्गीसाठी स्वस्त भाग शोधणाऱ्यांना गॉल्फ कार्ट हा एक पर्याय आहे. अनेक कार्टमध्ये मागील अखंड ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसविलेला असतो. हे पाटे भार तर पेलतातच, शिवाय ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतात. त्यामुळे जोडणी सोपी होते.

परंतु येथेही मूळ गृहीतके विसरता येत नाहीत. गॉल्फ कार्ट हिरवळीवर ताशी सुमारे २४ किमीपर्यंतच्या वेगाने चालावी, अशी अपेक्षा असते. खडबडीत वाटेवर वेग वाढला, की चाकाची वरखाली होण्याची मर्यादा लवकर संपते व धक्का थेट सांगाड्यावर बसतो. अधिक शक्तीचे इंजिन जोडल्यास ॲक्सल पीळ घेतो व पाटे इंग्रजी 'एस'सारखे वाकतात. बहुतेक कार्टना ब्रेक केवळ मागील चाकांना असतात, ही बाब तर अधिकच गंभीर होय.

निष्कर्ष :

वरील विवेचनाचा आपल्या महाविद्यालयांशीही संबंध आहे. ज्या द्वीपकल्पावर मॅन्क्सची परीक्षा झाली, त्याचेच नाव अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'मिनी बाहा' या विद्यार्थी स्पर्धेने घेतले. तिची भारतीय आवृत्ती २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झाली व महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही तिच्यात उतरत आले आहेत. असे वाहन तपासताना परीक्षक साहजिकच 'यात नवे काय?' असे विचारतो. त्याच्या जोडीने 'हा भाग मुळात कशासाठी होता, आणि येथे तो का टिकेल?' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर देता येते, त्याने भंगारातून केवळ लोखंड उचललेले नसते. दुसऱ्या रचनाकाराचा विचार समजून घेऊन तो पुढे नेलेला असतो. ज्याला ते देता येत नाही, त्याच्या वाहनात बसणाऱ्याचा जीव धोक्यात असतो. पुनर्वापराला अभ्यासक्रमात व मूल्यमापनात स्वतंत्र स्थान देण्याची गरज याच कारणाने निर्माण होते.