बहात्तरची खडी

आमच्या माणदेशात दुष्काळाचं नवल नाही, पण म्हातारी माणसं नुसतं ‘दुष्काळ’ म्हणाली की ती बहात्तरबद्दलच, म्हणजे 1972 च्या दुष्काळाबद्दलच बोलत असतात.

आजी तेव्हा खडी फोडायला जायची. बुडाखाली पोतं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, समोर दगडांचा ढीग. आत्या बारा वर्षांची. ती घमेली वाहायची आणि दुपारी सुकडीच्या रांगेत उभी राहायची. घरात रेशनवरची लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीची आठवण निघाली की आत्या आजही तोंड वाकडं करते आणि लगेच म्हणते, “पण पोट भरलं की रं. गावातलं एक माणूस भुकेनं गेलं न्हाई.” 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती.

मला मात्र त्या वर्षातली आजोबांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. बैल विकला, पण जमीन विकली नाही. सावकार ओसरीवर येऊन बसून गेला होता. पगारवाटपाला आजीच्या हाती रोकड पडत होती, म्हणून आजोबांना कागदावर अंगठा उठवावा लागला नाही. सरकारी मदतीनं गरिबी हटते का, यावर वाद घालणाऱ्यांनी हा न उठवलेला अंगठा हिशेबात धरावा. एका वाईट वर्षात गेलेली जमीन पुढच्या दहा चांगल्या पावसांतही परत येत नाही.

काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरला. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैशासाठी 1975 मध्येच व्यवसाय कर बसवला होता आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारनं घालायची होती. मुंबईत कारकुनी करणाऱ्या चुलत आजोबांच्या पगारातून तो कापला जायचा. “आपल्याच वहिनीच्या मजुरीला जातोय,” असं ते आजीविषयी म्हणायचे. शहरानं खेड्याच्या दुष्काळाचा भार असा कायद्यानं उचलावा, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग 1988 आलं. किमान वेतन वाढलं आणि हमीची मजुरी दुप्पट झाली. आत्या तोवर विधवा होऊन माहेरी आली होती. दर ऐकून हरखली, पण कचेरीतून उत्तर एकच: काम निघालं की कळवू. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी राज्याचे आकडे तपासून हेच दाखवलं, की दरवाढीनंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं. दरवाढ न्याय्यच होती, उन्हात दगड फोडणाऱ्या बाईला अर्धी मजुरी देणं हा अन्याय होता. पण वाढीव दराला पुरेसा पैसा सोडला नाही आणि कात्री हमीवर चालली. माझ्या लेखी योजनेची उदारता दरात कमी आणि हक्कात जास्त असते. सहा रुपये असोत की बारा, आत्याला मस्टरवर नाव हवं होतं.

आमच्या घरातली गरिबी पुढे खरोखर हटली, त्यामागे हमीवरच बांधलेला पाझर तलाव आहे. तलाव भरला तसं खालच्या विहिरीला पाणी आलं, बाजरीच्या रानात कांदा आला, त्यावर धाकटी आत्या शिकली.

आत्याच्या शेजारी त्याच तलावावर माती टाकणारी एक बाई होती. तिला गुंठाभरही जमीन नव्हती. तिनं आमच्याइतकीच घमेली वाहिली, मजुरीही तेवढीच घेतली. त्या मजुरीवर तिची लेकरं जगली, आणि आज तिची नातवंडं ऊसतोडीला जातात. माती भूमिहीनांनी टाकली आणि पाणी जमीनवाल्यांच्या विहिरीत उतरलं, हे रोजगार हमीचं दुखणं आमच्या एकट्या गावाचं नाही. त्याला उपाय नव्हता असंही नाही. बहात्तरच्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी माणशी वाटायचं ठरलं आणि भूमिहीनांचाही त्यात हक्क मानला गेला. आमच्या तलावाच्या वेळी तसा वाटा कुणी मागितला नाही, आणि ज्यांच्या विहिरी भरल्या त्या आमच्यासारख्यांनी आपणहून दिलाही नाही.