चाळीस फुटांचा हिशेब

शिकागोचा मिडवे विमानतळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एक मैल लांब आणि एक मैल रुंद असा हा चौकोन आहे. उत्तरेला पंचावन्नावा रस्ता, दक्षिणेला त्रेसष्टावा, पूर्वेला सिसेरो अव्हेन्यू आणि पश्चिमेला सेंट्रल अव्हेन्यू. कुंपणापलीकडे लगेच रहदारी आणि वस्ती. १९२७ साली सुरू झालेला हा विमानतळ ओहेअर नावारूपाला येईपर्यंत जगातला सर्वात गजबजलेला विमानतळ होता. त्या काळच्या पंख्याच्या विमानांना एवढी जागा भरपूर होती. पुढे जेट विमाने आली, पण चौकोन काही वाढला नाही. म्हणून मोठ्या धावपट्ट्या चौकोनाच्या कर्णावर आखलेल्या आहेत, कारण चौकोनात सर्वात लांब रेघ तीच.

या चौकोनाच्या वायव्य कोपऱ्यात, पंचावन्नावा रस्ता आणि सेंट्रल अव्हेन्यू जिथे भेटतात तिथे, ८ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास एक विमान कुंपण मोडून रस्त्यावर आले. बाल्टिमोरहून आलेले साउथवेस्ट कंपनीचे ते बोइंग ७३७-७०० होते, उड्डाण क्रमांक १२४८. विमानात ९८ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. त्यांपैकी काहींना किरकोळ दुखापती झाल्या, पण सगळे वाचले. रस्त्यावरच्या एका मोटारीत मात्र आईवडील आपल्या मुलांना घेऊन चालले होते. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा त्या गाडीत दगावला. त्या कंपनीच्या इतिहासात अपघातात माणूस मरण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मेला तो विमानात बसलेलाही नव्हता.

विमान अपघातांच्या इतिहासात एक बळी म्हणजे छोटा अपघात. त्याच मिडवेजवळ बरोबर ३३ वर्षांपूर्वी, ८ डिसेंबर १९७२ रोजी, युनायटेडचे विमान घरांवर कोसळून ४५ माणसे गेली होती. परंतु २००५ च्या या ‘छोट्या’ अपघाताने जे शिकवले, ते बर्फाच्या दिवसांत विमानाने प्रवास करणाऱ्या आपणा सर्वांच्या आजही उपयोगी पडते आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्या दृष्टीने तर हा अपघात मला फार जवळून बोचतो. का ते पुढे येईलच.

त्या संध्याकाळी शिकागोत सतत बर्फ पडत होता. वारा पूर्वेकडून होता. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी राहतो. पण दिसणे इतके कमी झाले होते, की उपकरणांच्या आधाराने उतरायला ३१-सी हीच धावपट्टी योग्य होती, आणि तिच्यावर सुमारे ८ नॉटचा वारा विमानाच्या पाठीमागून येत होता. धावपट्टीची लांबी ६,५२२ फूट. पण वाटेतल्या अडथळ्यांमुळे टेकण्याची जागा पुढे सरकवलेली असल्याने उतरण्यासाठी मिळत होते ५,८२६ फूट. आधी उतरलेल्या वैमानिकांनी कळवले होते, की पहिल्या भागात ब्रेक ‘बरा’ लागतो, पण शेवटाकडे ‘वाईट’.

वैमानिकांपुढे कॉकपिटमध्ये एक छोटा संगणक होता. वजन, वारा, धावपट्टी, ब्रेकची स्थिती हे सर्व त्यात भरले, की विमान थांबल्यावर पुढे किती धावपट्टी शिल्लक राहील ते तो सांगे. ब्रेक ‘बरा’ धरला तर सुमारे ५६० फूट शिल्लक, असे त्याने सांगितले. ‘वाईट’ धरला तर ४० फूट. चाळीस फूट म्हणजे विमानाच्या स्वतःच्या लांबीच्या निम्मेही नाही. पण आकडा शून्याच्या वर होता, म्हणजे हिशेबाने उतरायला हरकत नव्हती.

आता या चाळीस फुटांच्या पोटात काय दडले होते ते पाहू. पहिली गोष्ट वाऱ्याची. ब्रेक ‘वाईट’ असेल तर पाठीमागचा वारा ५ नॉटच्या वर असताना उतरायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. म्हणून त्या परिस्थितीत वैमानिकाने ८ नॉट भरले तरी यंत्र हिशेब करताना ५ च धरी. दुसरी गोष्ट उलट्या जोराची. इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून विमान थोपवायला मदत होते, त्याला रिव्हर्स थ्रस्ट म्हणतात. बर्फावर चाकांना पकड नसते, तेव्हा याच जोरावर मोठी भिस्त असते. कंपनीकडच्या जुन्या ७३७ विमानांच्या हिशेबात या जोराची मदत धरलेली नव्हती, ७३७-७०० च्या हिशेबात मात्र टेकताक्षणी मिळणारी पूर्ण मदत आधीच धरलेली होती. वैमानिकांची समजूत अशी, की तो जोर हिशेबाबाहेरची पुंजी आहे. प्रत्यक्षात ती पुंजी त्या चाळीस फुटांत केव्हाच खर्ची पडली होती. तो जोर वगळून हिशेब केला असता, तर यंत्राने इथे उतरता येणार नाही असेच सांगितले असते.

आणि नेमका तोच जोर त्या दिवशी वेळेवर मिळाला नाही. कंपनीने ऑटोब्रेक वापरण्याची नवी पद्धत आणायचे ठरवले होते. या दोघांनी प्रवासी घेऊन उतरताना ऑटोब्रेक पूर्वी कधी वापरला नव्हता. चाके टेकली, आपोआप ब्रेक लागले, आणि त्या नव्या अनुभवात लक्ष गुंतले. उलटा जोर लागायला टेकल्यापासून १५ ते १८ सेकंद गेले. ताशी दीडशे मैलांच्या आसपास वेगाने धावणाऱ्या विमानाला हे सेकंद फार महागात पडतात. धावपट्टी संपली तेव्हा विमानाचा वेग अजून ५३ नॉट, म्हणजे ताशी ६० मैलांच्या घरात होता. पुढे जेट झोत अडवण्याची भिंत, मग कुंपण, मग रस्ता.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, ऑक्टोबर २००७ मध्ये आपला अहवाल स्वीकारला. उलटा जोर वेळेवर न वापरणे हे मुख्य कारण त्यात आहेच. पण मंडळ ‘वैमानिक चुकले’ एवढे म्हणून थांबले नाही. ते का चुकले, हे पुढे विचारले. नवी पद्धत सरावाशिवाय एकदम लागू करण्याचे कंपनीने योजले होते. हिशेब कसा करायचा याचे शिक्षण स्पष्ट नव्हते. हिशेबात अनिश्चिततेसाठी राखीव असे काही ठेवलेच नव्हते. ब्रेक ‘वाईट’ आणि वारा ५ नॉटच्या वर असूनही विमान दुसरीकडे नेले नाही. आणि सहभागी कारणांच्या त्या यादीत संगणक प्रोग्रामही होता: निर्णयाला अत्यावश्यक असलेली गृहीतके त्याने वैमानिकांना दाखवली नाहीत.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. प्रोग्राममध्ये नेहमीच्या अर्थाने ‘बग’ नव्हता. त्याला दिलेले काम त्याने बिनचूक केले. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, फक्त ती कशाची आहे ते पडद्यावर लिहिलेले नव्हते. आपल्यापैकी कितीजण असे आकडे रोज कोणाच्या ना कोणाच्या पुढ्यात ठेवतात! कर्जाचा हप्ता, औषधाची मात्रा, पुलाचा भार. आकडा दिसतो, पण त्याच्या पोटातले ‘जर’ आणि ‘तर’ कोडमध्येच राहतात. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतात, वापरणाऱ्याला नसतात, आणि लिहिणारा त्या वेळी घरी जेवत असतो.

बरे, बर्फावरची घसरण ही काही २००५ सालची नवलाई नव्हती. २३ जानेवारी १९८२ रोजी बॉस्टनच्या लोगन विमानतळावर वर्ल्ड एअरवेजचे डीसी-१० निसरड्या धावपट्टीवरून घसरून थेट बंदराच्या पाण्यात गेले. दोन प्रवासी कायमचे बेपत्ता झाले. त्यानंतर १९८३ मध्ये मंडळाने बर्फाच्या आणि पाण्याच्या धावपट्ट्यांवर मोठी विमाने चालवण्याबाबत खास अभ्यास प्रसिद्ध केला होता. तरीही २००५ पर्यंत परिस्थिती अशी होती, की विमान निघण्यापूर्वी उतरण्याचा हिशेब कायद्याने सक्तीचा, पण पोचताना प्रत्यक्ष हवामान पाहून तो पुन्हा करण्याची सक्ती नाही. अपघातानंतर विमानवाहतूक प्रशासनाने, एफएएने, चौकशी केली तेव्हा पाहिलेल्या कंपन्यांपैकी जवळजवळ निम्म्या कंपन्यांत असा फेरहिशेब करण्याचे धोरणच नव्हते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण मागच्याला शहाणे होण्यासाठी पुढच्याची ठेच कोणीतरी नीट लिहून ठेवावी लागते, आणि लिहिलेले कोणीतरी अमलात आणावे लागते. पहिले काम १९८३ मध्ये झाले होते, दुसरे राहिले होते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये एफएएने सल्ला दिला: पोचताना फेरहिशेब करा, आणि येणाऱ्या अंतरात किमान १५ टक्के वाढवा. आपण हे गणित मिडवेला लावून पाहू. ‘वाईट’ ब्रेकला थांबण्याचे अंतर ५,८२६ वजा ४०, म्हणजे ५,७८६ फूट. त्यात १५ टक्के मिळवले की होतात ६,६५४, म्हणजे अख्ख्या धावपट्टीहूनही जास्त. ‘बरा’ ब्रेक धरला तरी ५,२६६ चे होतात ६,०५६. तेही बसत नाहीत. म्हणजे उलट्या जोराबद्दलचा तो गैरसमज तसाच ठेवूनही, निव्वळ १५ टक्क्यांच्या राखीवाने हिशेबाचे उत्तर ‘इथे उतरू नका’ असे आले असते. घरखर्चात महिनाअखेरसाठी डब्यात चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या आपल्या आयांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागले नव्हते.

दुसरा प्रश्न ‘बरा’ आणि ‘वाईट’ या शब्दांचा. एका वैमानिकाचा ‘बरा’ तो दुसऱ्याचा ‘वाईट’. त्यासाठी विमान कंपन्या, विमाने बनवणारे आणि विमानतळ चालवणारे यांची समिती बसली, तिने २००९ मध्ये शिफारशी केल्या, त्या हिवाळ्यांत विमानतळांवर ताडून पाहिल्या गेल्या, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून देशभर नवी पद्धत आली. आता धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ पर्यंत अंक देतात. कोरडी असेल तर ६. कोरडा हिम इंचाच्या आठव्या भागाहून जाड असेल तर ३. आपण ज्याला स्लश म्हणतो तो तेवढाच जाड असेल तर २. बर्फाचा गुळगुळीत थर असेल तर १. शून्य आले तर धावपट्टी बंद. याच धर्तीची पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवरही लागू झाली.

तिसरी गोष्ट त्या कोपऱ्याची. धावपट्टीपुढे हजार फूट मोकळी जागा असावी असा दंडक आहे. मिडवेला ती आणणार कुठून? यावर उपाय अपघाताच्या आधीपासूनच होता. धावपट्टीच्या टोकाला हलक्या, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे अंथरतात. विमानाची चाके त्यांत रुततात आणि विमान थांबते. न्यू यॉर्कच्या केनेडी विमानतळावर हे १९९६ मध्येच बसवले होते आणि १९९९ मध्ये त्याने एक विमान वाचवलेही होते. ७० नॉटपर्यंतचा वेग थोपवण्यासाठी ते आखलेले असते, आणि आपले विमान ५३ नॉटवर होते. मिडवेला ते ठोकळे अपघातानंतर बसले.

मग आता सगळे शहाणे झाले का? ५ मार्च २०१५ रोजी न्यू यॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर डेल्टाचे एमडी-८८ बर्फात उतरले. या वैमानिकाने उलटा जोर लगेच लावला, पण गरजेपेक्षा जास्त. त्या विमानाची इंजिने शेपटीजवळ असतात. जोर फार वाढला की सुकाणूवरून वाहणारी हवा बिघडते आणि दिशा हातात राहत नाही. विमान डावीकडे वळले, बांधावर चढले, आणि नाक फ्लशिंग बेच्या पाण्यावर काढून थांबले. सुदैवाने कोणी दगावले नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या धड्याचा अर्थ ‘उलटा जोर जास्तीत जास्त वापरा’ असा कोणी घेतला, तर तोही चुकीचाच. धडा जोराचा नव्हता. आपण कशाच्या भरवशावर आहोत हे आधी माहीत असावे, हा होता.

दर डिसेंबरात आपल्यापैकी कोणी ना कोणी असे विमानात बसलेले असते. खाली दिवे दिसू लागतात, नातेवाईक न्यायला आलेले असतात, आणि कप्तान सांगतो, की बर्फामुळे आपण दुसऱ्या शहरात उतरतो आहोत. मग मुले रडतात, मोठी माणसे कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. मीही मोडली आहेत. आता मात्र अशा वेळी मला सेंट्रल अव्हेन्यूवरची ती मोटार आठवते. कप्तानाच्या पडद्यावर एक आकडा आला असेल, त्यात १५ टक्के मिळवून तो बसला नसेल, आणि त्याने विमान वळवले असेल. त्या वळणाची किंमत आपल्याला चार तास पडते. ती आधी एका कुटुंबाने भरलेली आहे.