मुलांना घरीच शिकवायचंय? होमस्कूलिंगमधल्या रोजच्या अडचणी आणि त्यांवरचे मार्ग

‘कितवीत आहेस रे बाळा?’ लग्नात, रिक्षात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठी माणसं हमखास हाच प्रश्न विचारतात. शाळेत न जाणारं मूल मग आईकडे बघतं. आई म्हणते, ‘आम्ही घरीच शिकवतो.’ पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘का? काही प्रॉब्लेम आहे का?’

होमस्कूलिंगच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुतेक यशाच्या. सातवीत शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये दहावी-बारावीची परीक्षा न देता अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा ती बातमी घराघरांत पोहोचली. पण चार ते आठ वर्षांच्या मुलाला घरी शिकवताना मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरात काय चालू असतं, ते बातमीत येत नाही.

अनेक पालकांना वाटतं की अवघड भाग शिकवण्याचा असेल. लहान वयात तो त्यामानाने सोपा असतो. शाळा शिकवण्याशिवाय आणखी चार कामं गुपचूप करत असते: ती मूल सांभाळते, त्याला सोबती देते, त्याच्याकडे घराबाहेरच्या नजरेने बघते आणि त्याची कागदोपत्री नोंद ठेवते. शाळा नको म्हटलं की ही चारही कामं घरावर येतात. रोजच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

होमस्कूलिंग म्हणजे नेमकं काय?

मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेऐवजी पालकांनी घेणं म्हणजे होमस्कूलिंग. काही घरांत शाळेसारखंच वेळापत्रक आणि पाठ्यपुस्तकं असतात. काही पालक ‘अनस्कूलिंग’ करतात, म्हणजे अभ्यासक्रम न ठरवता मुलाच्या कुतूहलामागे जातात. हा शब्द अमेरिकी शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. बहुतेक घरं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. लॉकडाऊनमधली ऑनलाइन शाळा मात्र होमस्कूलिंग नव्हती. तेव्हा शाळाच घरात आली होती, आणि काय शिकायचं ते शाळाच ठरवत होती.

हे कायदेशीर आहे का?

सहा वर्षांखालच्या मुलाला शाळेत घालण्याची कायदेशीर सक्ती नाही. सहा ते चौदा वयोगटासाठी मात्र १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. मुलाला परिसरातल्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं या कायद्याचं कलम १० सांगतं. ते न करणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. होमस्कूलिंगला परवानगी देणारं किंवा थेट बंदी घालणारं वेगळं कलमही नाही. केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं की, जे पालक स्वेच्छेने हा मार्ग निवडतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. पण सरकारची भूमिका पुढे एकसारखी राहिली नाही.

म्हणजे ही वाट बंद नाही, पण तिच्यावर पाटीही लावलेली नाही. प्रत्यक्षात याचा अनुभव येतो तो शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात. शिक्षक दारात येतात, मुलाचं नाव आणि शाळा विचारतात, आणि ‘घरी शिकतो’ या उत्तरासाठी त्यांच्याकडे सोयीचा रकाना नसतो. अशा वेळी वाद न घालता मुलाचा जन्मदाखला, वह्या आणि वर्षभराच्या कामाची फाइल दाखवता आली, तर बोलणं सोपं जातं.

रोज किती तास शिकवायचं?

सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. पालक भिंतीवर वेळापत्रक लावतात: ९ ते १० गणित, १० ते ११ मराठी, मग इंग्रजी. तिसऱ्या दिवशी मूल टेबलाखाली लपून बसतं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलं असावीत, असं हाच कायदा सांगतो. हजेरी, वह्या तपासणं, भांडणं मिटवणं हे सगळं त्या चार तासांतच होतं. घरी समोर एकच मूल असतं. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दहा-पंधरा मिनिटांच्या तीन-चार बैठकी पुरतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला तास-दीड तास पुष्कळ होतो.

उरलेला वेळ वाया जात नाही. वाटाणे सोलताना दहा-दहाचे गठ्ठे करणं, भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेणं, कुकरच्या शिट्ट्या लक्षात ठेवणं, बसच्या पाट्या वाचणं हाही अभ्यासच आहे. तो शाळेच्या वहीत दिसत नाही एवढंच. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या परिसरात सहज मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंच्या आधारावर.

‘मला नाही लिहायचं!’

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. शाळेत बाईंसमोर निमूट गिरवणारं मूल आईसमोर पेन्सिल फेकतं, कारण आईशी त्याचं नातं वेगळं असतं. पाच मिनिटांपूर्वी जिच्या मांडीवर बसलो होतो, ती अचानक ‘टीचर’ झाली हे त्याला पटत नाही.

अशा वेळी ताणत बसण्यापेक्षा अडतंय कुठे ते बघावं. लिहायला नको म्हणणाऱ्या मुलाचा हात दुखत असेल. मग अक्षरं रांगोळीत, ओल्या मातीत किंवा कणकेच्या वळ्यांनी काढता येतात. वाचन जोडाक्षरं आणि रफारापाशी अडकलं असेल, तर आठवडाभर फक्त गोष्टी वाचून दाखवल्या तरी चालतं.

अंकांचंही तसंच. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि सदुसष्ट यांत मुलं हटकून गोंधळतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये सत्तावीससाठी ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. घरी मात्र दोन्ही वापरता येतात. आधी ‘वीस सात’ने संख्येची किंमत कळू द्यायची आणि मग ‘सत्तावीस’ तोंडात बसू द्यायचं.

साहित्यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. वाचून दाखवायला ते उत्तम आहेत.

सगळं आईवरच येतं, त्याचं काय?

होमस्कूलिंगच्या चर्चेत हा प्रश्न सहसा मागे राहतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात दिवसात असं काहीतरी काम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये ८१ टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांमध्ये २६ टक्क्यांच्या आसपास होतं. या जवळपास पाच तासांच्या कामावर मुलाची शाळाही चढवली, तर काय होईल ते सांगायला नको.

शाळेच्या वेळात मूल घराबाहेर असतं, तेव्हा आई नोकरी करते, स्वयंपाक उरकते किंवा अर्धा तास शांत बसते. हा वेळ गेला की चिडचिड वाढते. ती मुलावर निघते आणि मग मुलाला अभ्यास नकोसा होतो. ‘होमस्कूलिंग जमलं नाही’ असं म्हणणाऱ्या घरात अनेकदा शिकवणं जमलेलं असतं. कोलमडलेलं असतं ते घरातल्या कामाचं वाटप.

त्यामुळे शाळा सोडण्याआधी नवरा-बायकोने कागद-पेन घेऊन बसावं. एक उत्पन्न कमी झालं तर हप्ते निघतील का? बाबांकडे नेमकं काय असेल? ‘मी मदत करीन’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘रोज संध्याकाळचं वाचन आणि शनिवारचा अख्खा दिवस माझ्याकडे’ हे उत्तर झालं. आजी-आजोबा सोबत असतील तर गोष्टी, पाढे, बागकाम, विणकाम यांपैकी काहीतरी त्यांच्याकडे आवर्जून द्यावं. सुनेच्या निर्णयाकडे कपाळाला आठ्या घालून बघणारे आजोबा नातवाला पाढे शिकवायला लागले की अर्धा विरोध तिथेच मावळतो.

सोबती कुठून आणायचे?

सोसायटीतली मुलं सकाळी बसमध्ये बसून जातात आणि दुपारी क्लासला. संध्याकाळी जेमतेम तासभर खेळायला मिळतं. त्या तासातही वर्गातल्या गमती चालू असतात आणि आपल्या मुलाला त्या कळत नाहीत. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी हे लागतं.

फक्त शनिवार-रविवारच्या भेटींनी मैत्री होत नाही. तीच मुलं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. त्यामुळे दर महिन्याला नवा वर्ग लावण्यापेक्षा एकच मैदान, एकच वाचनालय किंवा एकच नाटकाचा वर्ग दीर्घकाळ धरून ठेवावा. पुणे-मुंबईत होमस्कूलिंग करणारे पालक आठवड्याला एकत्र जमतात. ‘स्वशिक्षण’ ही अशा कुटुंबांची देशपातळीवरची संघटनाही आहे. छोट्या गावांत असे गट मिळणं अवघड असतं. तिथे गल्लीतली मुलं, आत्या-मामांची मुलं हाच गट.

कुठे अडलं तर लक्षात कोण आणून देणार?

वर्गात तीस मुलं बघणाऱ्या बाईंना एखादं मूल फळ्याकडे डोळे बारीक करून बघतंय, हाक ऐकू येत नाही, अक्षरं सतत उलटी काढतंय हे लवकर जाणवतं. घरी तुलनेला दुसरं मूल नसतं. ‘ते त्याच्या गतीने शिकतंय’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, पण कधीकधी त्याच वाक्याआड चष्म्याचा नंबर किंवा वाचनातली अडचण लपून राहते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी होते. घरी शिकणारं मूल यातून आपोआप सुटतं. म्हणून वर्षातून एकदा डोळे, कान आणि दात तपासून घ्यावेत. वर्षातून एकदा ओळखीच्या एखाद्या प्राथमिक शिक्षिकेला मुलासोबत तासभर बसायला सांगावं. परीक्षा घ्यायला नव्हे, फक्त बघायला.

कागदपत्रांचं काय?

लहान वयात घेतलेल्या निर्णयाची किंमत कागदावर बरीच नंतर दिसते. चार गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

• खासगी शाळांतल्या २५ टक्के आरटीई जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी असतात. ते वय गेलं की ती संधी गेली.

• नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं, तर मूल मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं.

• राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी ‘१७ नंबरचा फॉर्म’ असतो. पण त्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण असण्याची अट आहे.

• जातीच्या दाखल्यापासून अनेक ठिकाणी शाळा सोडल्याचा दाखला मागतात. तो नसेल, तर जन्मदाखला आणि वडील-आजोबांची कागदपत्रं जपून ठेवावी लागतात.

पर्याय दोन आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष परीक्षा घेते आणि पुढे दहावी-बारावीही. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातर्फे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा होतात. अटी बदलत असल्याने फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक बघावं.

नाही जमलं तर परत शाळेत घालता येतं का?

येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा, आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षणही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी प्रत्यक्षात मुख्याध्यापकांना विचारायचं असतं की याला काय येतं. अशा वेळी महिन्याला दोन-तीन वह्यांची पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, काही चित्रं आणि फोटो, तारखेसह ठेवलेली फाइल कामाला येते.

मूल शाळेत परत गेलं म्हणजे पालक हरले असं नाही. दोन वर्षं घरी शिकून तिसरीत शाळेत गेलेलं मूल काहीच हरवत नाही, जर ती दोन वर्षं घरात शांततेची गेली असतील तर. त्यामुळे निर्णय दहावीपर्यंतचा घेऊ नये. एका वर्षाचा घ्यावा आणि दर मार्चमध्ये पुन्हा बसून बोलावं: मूल कसं आहे? ते नवं काय विचारतंय? त्याला मित्र आहेत का? आणि त्याला शिकवणारी व्यक्ती कशी आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायचा बहुतेक घरांत राहून जातो.