बाटली क्रमांक ५३-एन : प्रयोगशाळेतील नोंद आणि सुरक्षितता

प्रयोगवही म्हणजे गुणांसाठी भरायची वही, असा समज महाविद्यालयांत रूढ आहे. नोंदीचे खरे मोल मात्र इतिहासातून कळते.

पणजीत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे. गोव्यातीलच हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनातील भीती जावी म्हणून तिसरे आगाखान यांनीही ती जाहीरपणे टोचून घेतली. हजारो खोजा बांधवांनी त्यांचे अनुकरण केले. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांनी लस बनविताना कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी वगळून उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्यावर भर दिला होता. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेकडे दिला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु बारकाईने पाहता दोन गोष्टी पुढे आल्या. बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर न धरता केवळ कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला. तसेच बाटली उघडताना लसीला दुर्गंधी नव्हती, अशी लस टोचणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत अनेक दिवस वाढले असते, तर दुर्गंधी आली असती. म्हणजे जंतूंचा शिरकाव बाटली उघडतानाच झाला असावा. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांचे नाव धारण करते.

या घटनेतून अध्यापकांनी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. क्रमांक नसता तर दोष एका बाटलीपुरता आहे, हे कळलेच नसते. आणि पडलेला चिमटा ही 'किरकोळ' बाब एकोणीस घरांना भोवली. पेडणे-डिचोलीहून पणजीला येणाऱ्या विद्यार्थ्याने जीवरसायनशास्त्राच्या वहीत द्रावणाचा क्रमांक, तारीख, बदललेली पायरी, सांडलेले आम्ल, फुटलेली परीक्षानळी हे सारे त्याच वेळी, शाईने लिहावे. चुकीचे वाचन खोडरबराने न पुसता एका रेघेने छाटावे. चूक लिहिणाऱ्याचे गुण कापले जात असतील, तर विद्यार्थी चूक लपवायलाच शिकेल. हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. ज्यांचे प्राण गेले त्यांना तोही उपयोगाचा नव्हता.