कान्होबाचा वाटा



वाचकहो, अलीकडे पारावर, एसटीत, दिंडीच्या मुक्कामावर एक वाक्य फार ऐकू येते : "सगळे सारखेच." बोलणारा माणूस साधा असतो. रस्ता झाला आणि पहिल्या पावसात उखडला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. बांधाची माती कागदावरच पडली, हेही त्याला ठाऊक असते. ज्याला मत दिले तो एका पक्षात निजला आणि दुसऱ्या पक्षात जागा झाला. आमच्या कर्जत तालुक्यात तर कुकडीचे आवर्तन आणि निवडणुकीतले आश्वासन ही दोन पाणी कायम वेगवेगळ्या वेळी येतात. अशा माणसाच्या संतापाला मी चूक म्हणणार नाही. पण वारकरी असला की तो पुढे आणखी एक वाक्य जोडतो : "जाऊ द्या, पांडुरंग पाहून घेईल." माझे म्हणणे आहे ते या दुसऱ्या वाक्याविषयी.

तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या महाजनकी, सावकारी. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, व्यापार बसला, घरातली माणसे गेली, आणि महाराजांचे मन संसारातून उठले. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. आम्ही कीर्तनकार हा प्रसंग वैराग्यासाठी सांगतो, श्रोते डोळे पुसतात, आणि आम्ही पुढे जातो. पण मध्ये एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर फारसे कोणी थांबत नाही. खते बुडवण्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा वेगळा काढला गेला आणि त्यांच्या हाती दिला गेला. महाराजांनी बुडवली ती फक्त आपली निम्मी खते.

माउली, इथे जरा थांबा. एवढे उदार मन, ज्याला सोने मातीसारखे होते, त्यानेही भावाच्या वाट्यावर आपले औदार्य चालवले नाही. जे आपले आहे त्याच्यावर पाणी सोडता येते. जे दुसऱ्याचे आहे त्याच्यावर पाणी सोडणे म्हणजे वैराग्य नव्हे. माझ्या शेतातला आंबा कोणी नेला आणि मी "जाऊ द्या" म्हणालो, तर ती क्षमा झाली. गावच्या पाणीपुरवठ्याचा पैसा कोणी खाल्ला आणि मी "जाऊ द्या" म्हणालो, तर मी कोणाचा वाटा बुडवला? त्या पैशात विधवेचा वाटा होता, शाळेत जाणाऱ्या पोरीचा होता, अजून जन्मालाही न आलेल्यांचा होता. तो कान्होबाचा वाटा आहे. त्याची क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

संतांच्या चरित्रांत हिशेब जागोजाग आहे, हे या दृष्टीने पाहू लागलो की दिसते. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दुष्काळात रयतेला खुली केली. कथा सांगते की विठू महाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष देव बेदरच्या दरबारात गेला, धान्याची रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. पाहा, देवालासुद्धा पावती घ्यावी लागली! "मी पंढरीनाथ, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा," असे तो म्हणाला नाही. नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींजवळ असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर वहीवर बसले. हा दृष्टांत आम्ही एकाग्रतेसाठी वापरतो आणि ते योग्यच आहे. तरी मला वाटते, पै सरकारी होती, विचारणारे कोणी नव्हते, सकाळी कोणाच्या लक्षातही आले नसते. दिवा तरीही जळत राहिला.

कर्जतच्या शेजारीच जामखेड तालुक्यात चौंडी आहे. तिथे १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आणि आता जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले आहे. काशीचे विश्वनाथ मंदिर, नद्यांचे घाट, पंढरपुरातला होळकर वाडा, हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण हे बांधायला पैसा कुठला, ते कमी लोक सांगतात. होळकरांच्या कारभारात खासगी आणि दौलत अशा दोन वह्या होत्या. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी नेमून दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. धर्मकार्याचा मोठा खर्च त्या खासगीतून झाला. फौजेचा, राज्याचा पैसा निराळा. आज पुढारी शासनाच्या निधीतून समाजमंदिर बांधतो आणि कमानीवर स्वतःचे नाव लावतो. चौंडी इथून इतकी जवळ असून ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत पोचली नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने अंगावर काढला. मी तेव्हा ऐन तारुण्यात होतो. कर्जतची जमीन आधीच पर्जन्यछायेतली, त्या साली विहिरींचे तळ दिसले. मिलोची लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या कामांनी माणसे जगवली, हे आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा पाठपुरावा केला, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघावी, अशी त्याची योजना. माझ्या मते विसाव्या शतकात महाराष्ट्राने केलेले हे सर्वांत धार्मिक काम होय.

पण त्याच कामांवर मस्टर नावाची एक वही असे. गोपींना रासात एकच कृष्ण अनेक ठिकाणी दिसला, ते आपण मानतो. मस्टरवर मात्र पुण्याला हमाली करणारा माणूस आमच्या शेजारी खडी फोडताना हजर असायचा. एकदा एका म्हातारीने विचारले, "बाबा, माझे दिवस किती मांडले तेवढे वाचून दाखव." उत्तर आले, "सरकारी कागद आहे, तुला दाखवायचा नसतो." कोणत्या कामावर आणि कोण बोलले, ते सांगण्यात आता अर्थ नाही. त्या काळी हे उत्तर कुठल्याही खात्यात, कुठल्याही गावात मिळत होते. कारण कायदाच तसा होता. इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपितांचा कायदा स्वराज्यातही चालू राहिला, आणि त्याच्या सावलीत घामाचे दिवससुद्धा गुपित ठरले.

म्हातारीचा तो प्रश्न पुढे देशाचा प्रश्न झाला, आणि तोही दुष्काळी भागातूनच. राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० मध्ये मजूर किसान शक्ती संघटन उभे केले. १९९४ पासून त्यांनी गावागावांत जनसुनावणी घेतली. म्हणजे काय, तर मस्टर आणि बिले मंडपात मोठ्याने वाचायची आणि ज्यांची नावे आहेत त्यांनी उठून सांगायचे, मी त्या कामावर होतो की नव्हतो. १९९६ मध्ये ब्यावर गावी चाळीस दिवस धरणे झाले. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही त्यांची घोषणा. पारायणात ज्ञानेश्वरीची पोथी जशी सर्वांसमोर वाचली जाते, तशी इथे सरकारी वही वाचली गेली.

आपल्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीला अण्णा हजारे हेच मागत होते. फौजेतून १९७५ मध्ये परतलेला हा माणूस गावच्या संत यादवबाबांच्या मंदिरात राहिला, आधी पाणी अडवले, दारू बंद केली, आणि विकासकामांतले पैसे कुठे मुरतात ते दिसल्यावर १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू केले. मंत्र्यांवर आरोप केले, १९९८ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात तुरुंगही पाहिला. पण व्यक्तीमागे व्यक्ती काढून संपत नाही, तर वहीच उघडली पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. महाराष्ट्रात २००० साली एक दुबळा कायदा झाला होता. तो जाऊन २००२ चा माहिती अधिकार कायदा आला, आणि त्यावर राष्ट्रपतींची सही व्हावी म्हणून अण्णा ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले. सही झाली. देशाचा कायदा २००५ मध्ये संसदेने केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्या दिवशी विजयादशमी होती. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. त्या म्हातारीला हवे होते ते एवढेच.

सीमोल्लंघन झाले म्हणून लंका लगेच पडली, असे नाही. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी माहिती अधिकाराने जमिनींचे व्यवहार उघडे करीत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांची हत्या झाली. देहूपासून ते गाव फार लांब नाही. वही मागणारा माणूस कोणत्या धोक्यात उभा असतो, हे माहीत असून मी कोणाला "अर्ज करा" असे सहज म्हणू शकत नाही. एकट्याने करू नका, चौघांनी सह्या करा, हे मात्र म्हणतो. वारीही कोणी एकटा करीत नाही, दिंडीत चालतो.

२०११ चा ऑगस्ट आठवतो ना? रामलीला मैदानावर अण्णांचे उपोषण, गावोगावी पांढऱ्या टोप्या आणि प्रभातफेऱ्या. आमच्याकडे टाळ घेऊन निघालेली माणसेही होती. २८ ऑगस्टला उपोषण सुटले. लोकपालाच्या विधेयकावर राष्ट्रपतींची सही १ जानेवारी २०१४ रोजी झाली, आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये, पाच वर्षांनी. मैदानातले कोणी पक्ष काढून सत्तेत गेले, कोणी दुसऱ्या पक्षात गेले, कोणी घरी बसले. ज्या तरुणांनी तेव्हा टोपी घातली होती, त्यांतलेच पुष्कळ जण आज "सगळे सारखेच" म्हणतात. त्यांचा भ्रमनिरास मला समजतो. त्यांनी एका माणसाच्या पोटावर सगळ्या देशाचा भार ठेवला होता. उपास एकाने करायचा आणि पारणे सगळ्यांनी सोडायचे, असे एकादशीलाही चालत नाही!

कोणी पूर्वपक्ष करील की बुवा, हे राजकारण झाले, वारकऱ्याचा त्यात काय संबंध? तर आपल्याच घरातले पाहा. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क होते, देवापुढच्या उत्पन्नाची पाळी लिलावात घेतली जाई, आणि शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कुठे जातो हे विचारायची सोय नव्हती. त्या घराण्यात प्रल्हाद महाराज बडव्यांसारखे सत्पुरुष होऊन गेले, म्हणून मी कुळाला दोष देत नाही. दोष बंद वहीचा. तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. मग न्यायालये. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. कायद्यापासून निकालापर्यंत चाळीस वर्षे गेली! ज्यांनी पहिल्या तक्रारी केल्या, त्यांच्यातले किती जण तो दिवस पाहायला उरले असतील? आता शासनाने नेमलेली समिती आहे. तिच्यावर माझा अविश्वास नाही, पण बडव्यांना जे विचारले तेच तिलाही विचारायचे.

ज्याला आशा कशावर ठेवायची असा प्रश्न पडतो, त्याला मी हा चाळीस वर्षांचा हिशेब दाखवतो. तो दिलासा देणारा नाही, हे मला कळते. पण १९७२ ची म्हातारी वही मागत होती तेव्हा तिला नाही म्हणणे कायदेशीर होते. आज नाही म्हणणाऱ्याला दंड होऊ शकतो. तो क्वचितच होतो, हा भाग वेगळा.

कोणतीही चांगली दिंडी घ्या. भिशीचे धान्य किती आले, ट्रकचे भाडे किती गेले, तंबूला काय लागले, ते परतीआधी चारचौघांत वाचले जाते. विणेकऱ्यावर कोणी संशय घेत नाही, तरी वाचले जाते. आणि ऐकताना कोणी "आठशे जास्त दिसतात" म्हणाले तर त्याला कोणी नास्तिक म्हणत नाही.

ग्रामपंचायतीच्या कायद्यात तरतूद आहे की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे. कर्जत गावाला आता नगरपंचायत झाली, पण तालुक्यातल्या गावांना ग्रामसभा आहे. ती बहुधा १ मेच्या सुमारास असते. उन्हाळा कडक असतो, शेतात काम नसते, आणि मंडपात पंधरा-वीस माणसे सह्यांपुरती येतात. येत्या वर्षी तुमच्या भजनी मंडळाने टाळ घरी ठेवून तिथे जाऊन बसावे. इतिवृत्ताचे पुस्तक सहीसाठी पुढे आले की सही करण्याआधी म्हणावे, "भाऊसाहेब, जमाखर्च वाचा, आम्ही ऐकायला आलोय."