चिन्नोर धान आणि कार्तिकांतलें पाणी

आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान यानें इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. प्रवासी येतो तो त्याचे बुरूज पाहावयास. तुमसर तालुक्यांतल्या धानाच्या बांध्यांकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः या भागाचा जुना इतिहास बांध्यांतही वाचतां येतो, आणि त्यांत चिन्नोर धानाचा अधिकार मोठा आहे.

हलकें, मध्यम आणि भारी असे धानाचे तीन वर्ग शेतकरी मानतात. चिन्नोर भारी वर्गांतलें. मृगांत पऱ्हे टाकले, आषाढांत रोवणी झाली, तरी लोंब पिकावयास कार्तिक उजाडतो. जवळजवळ पांच महिने हें धान शेतांतच. ताट उंच आणि नाजूक. खत वाढवावें तर पीक आडवें होतें. उत्पन्नही बेताचेंच. मग शेतकऱ्यानें तें लावावें कां? याचें उत्तर पानांत वाढलेल्या भातापाशीं मिळतें. दाणा बारीक, भात मऊ व किंचित् गोड. निवला तरी ताठरत नाहीं, आणि आधणांत तांदूळ पडतांच वास अंगणापर्यंत जातो. नव्या तांदळाला पाणी मात्र बेतानें घालावें लागतें, नाहींतर भाताचा गोळा होतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो, पण त्याचा वास उणावलेला असतो.

सुगंधी तांदुळांतील हा वास मुख्यतः ज्या द्रव्याचा, तें रसायनज्ञांनीं १९८२ सालीं ओळखलें. दाणा भरतांना रात्री थंड असल्या तर सुगंधास तें पोषक ठरतें. तेव्हां उशिरां पिकणें हा चिन्नोरचा केवळ दोष नव्हे. अडचण एवढीच, कीं तोंवर पाऊस परतलेला असतो. अखेरचें पाणी द्यावें तें तळ्यानें. गोंड राजवटींत कोहळी लोकांनीं भंडारा प्रदेशांत अशीं तळीं बांधलीं, आणि पुढें तीं मालगुजारांकडे आलीं. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तळीं सरकारजमा झालीं. गाळ कोणीं काढावा हा प्रश्न मात्र मागें उरला. अशांत १९६८ सालीं बुटकें ‘जया’ धान आलें. तें लवकर पिके, खत पचवी, आणि उत्पन्न पुष्कळ देई. घरांत खाणारीं तोंडें अधिक असतां शेतकऱ्यानें तें निवडलें, यांत त्याला दोष देतां येत नाहीं.

शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही तो मान लाभला आहे. त्यामुळें भाव चढेल, अशी आशा आहे. पण ज्या बांधीला कार्तिकांत तळ्याचें पाणी पोंचत नाहीं, तेथें आजही हलकें धानच रोवलें जातें.